फोन बुडाला, हरवला, बदलला तरी खाते हातात राहावे म्हणून: ऑथेंटिकेटर ॲप कसे निवडावे

पासवर्डनंतर मागितला जाणारा सहा आकडी कोड एसएमएसने मागवण्याऐवजी फोनमधल्या ॲपमध्येच तयार करता येतो. अशा ॲपला ऑथेंटिकेटर म्हणतात. कोड दाखवण्याच्या कामात सगळी चांगली ॲप्स सारखीच असतात. खरा फरक कळतो तो फोन बंद पडतो त्या दिवशी, आणि गोव्याच्या पावसाळ्यात तो दिवस कुणावरही येऊ शकतो. म्हणून ॲप निवडताना पहिला प्रश्न हाच ठेवा: आज हा फोन गेला तर उद्या सकाळी कोड कुठून मिळेल?

कोड येतो कुठून

तुम्ही क्यूआर कोड स्कॅन करता तेव्हा ॲपला एक गुप्त किल्ली मिळते. ही अक्षरे आणि आकड्यांची एक माळ असते. गूगलची किल्ली ३२ चिन्हांची आहे. तीच किल्ली समोरच्या कंपनीकडेही असते. किल्ली आणि घड्याळातली वेळ यांचे गणित करून दर ३० सेकंदांनी नवा कोड निघतो. दोन्हीकडे गणित एकच, म्हणून उत्तरही एकच. २०११ साली ठरलेली ही पद्धत सर्वांना खुली आहे. त्यामुळे गूगलच्या खात्याला गूगलचेच ॲप हवे असे काही नाही. ऑफिसने ठरावीक ॲपची सक्ती केली असेल तरच वेगळे.

या गणिताला इंटरनेट लागत नाही, सिम लागत नाही, रेंज लागत नाही. सत्तरी-सांग्याकडे डोंगराआड राहणाऱ्यांना आणि जहाजावर जाणाऱ्या तारवटींना याचा मोठा उपयोग. परदेशी राहणाऱ्यांनाही: भारतातले सिम ९० दिवस वापरले नाही आणि त्यात किमान शिल्लक नसली तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जातो. मग तुमचा एसएमएस कोड त्याच्या हाती. शिवाय खोटी कागदपत्रे दाखवून तुमच्या नंबरचे दुसरे सिम काढण्याचे प्रकारही होतात. ॲपमधल्या कोडचा नंबराशी संबंधच नाही.

बँकेचे ओटीपी मात्र या ॲपमध्ये आणता येत नाहीत. ते बँक ठरवेल त्याच मार्गाने येतील. जीमेल, फेसबुक, इन्स्टाग्राम, मायक्रोसॉफ्ट, गिटहब, झिरोधासारखी शेअर खाती येथे ॲप चालते.

कोणते ॲप

फोन आणि कॉम्प्युटर दोन्हींवर कोड हवे असतील तर आम्ही बहुतेकांना एन्टे ऑथ सुचवतो. ते अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालते, मोफत आहे, त्याचा प्रोग्राम कुणालाही तपासता येतो, आणि किल्ल्या तुमच्या फोनवरच कुलूपबंद होऊन मगच त्यांच्या सर्व्हरवर जातात. खाते काढताना ते २४ शब्दांची रिकव्हरी की देते. ती कागदावर उतरवा. पासवर्ड विसरलात आणि हे शब्दही नाहीत, तर किल्ल्या ती कंपनीही परत देऊ शकत नाही. आणखी एक गाठ आधीच सोडवून ठेवा: नव्या उपकरणावर लॉगिन करताना एन्टे ईमेलवर कोड मागू शकते. त्या ईमेलचा कोड एन्टेमध्येच असेल तर किल्ली कपाटात आणि कपाट कुलूपबंद अशी गत होते. त्या ईमेलचे बॅकअप कोड कागदावर असले की हा पेच उरत नाही.

जुलै २०२५मध्ये आलेले प्रोटॉन ऑथेंटिकेटरही फोन-कॉम्प्युटर दोन्हींवर चालते आणि दुसऱ्या ॲपमधून किल्ल्या आत घेते, बाहेरही देते. तेही चांगले.

फक्त अँड्रॉइड वापरणाऱ्यांना आणि आपला डेटा कुणाच्याच सर्व्हरवर नको असणाऱ्यांना एजिस आवडेल. ते पासवर्ड लावलेली बॅकअप फाइल तयार करते. पण ती फाइल त्याच फोनमध्ये पडून राहिली तर फोनबरोबर तीही गेली. महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर उतरवा.

घरात सगळे ॲपलचेच असेल तर वेगळ्या ॲपची गरज नाही. आयओएस १८पासून आलेल्या पासवर्ड्स ॲपमध्ये कोडची सोय आहे आणि ते कोड मॅकवरही दिसतात.

गूगल ऑथेंटिकेटर सर्वांत ओळखीचे, वापरायला सोपे. २०२३पासून ते किल्ल्या गूगल खात्यात साठवू शकते. त्यामुळे फोन गेला तरी त्या परत मिळतात, पण तुमच्या गूगल खात्यात कुणी शिरला तर त्याच्याही हाती सगळ्या किल्ल्या एकदम लागतात. कॉम्प्युटरसाठी त्याची आवृत्ती नाही. मायक्रोसॉफ्टचे ॲप ऑफिसच्या खात्यांसाठी ठीक. मात्र त्याचा अँड्रॉइडवरचा बॅकअप आयफोनवर उतरत नाही.

ऑथी हे ॲप आम्ही नव्याने कुणाला बसवून देत नाही. त्याची कॉम्प्युटर आवृत्ती १९ मार्च २०२४ला बंद झाली. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्यातून किल्ल्या बाहेर काढून दुसऱ्या ॲपमध्ये नेण्याची सोय नाही. ज्या ॲपमधून बाहेर पडता येत नाही त्यात शिरूच नये, असे आमचे ठाम मत आहे. आधीपासून ऑथीवर असाल तर एकेका साइटवर जाऊन किल्ली नव्याने घ्यावी लागेल. वीस खाती असतील तर एक दुपार जाईल, पण ती दुपार घालवा.

प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमध्ये नाव शोधले की सर्वांत वर अनेकदा जाहिरात असते. मिळतेजुळते चिन्ह, नाव जवळजवळ तेच, आणि क्यूआर स्कॅन करायला जाताच दर आठवड्याचे पैसे मागते. ॲपखाली निर्मात्याचे नाव वाचल्याशिवाय इन्स्टॉल दाबू नका.

कॉम्प्युटरवर कोड ठेवावेत का

स्वतःच्या लॅपटॉपवर, ज्याला पासवर्ड आहे आणि जो दुसरे कुणी वापरत नाही, तिथे ठेवा. तो फोनचा जोडीदार होतो. दुकानाच्या काउंटरवरचा, होमस्टेच्या रिसेप्शनवरचा, मुलांच्या गेमचा कॉम्प्युटर असेल तर मुळीच नको. फुकट मिळालेल्या क्रॅक सॉफ्टवेअरबरोबर येणारे व्हायरस ब्राउझरमधले साठवलेले पासवर्डच आधी उचलतात. कोडही त्याच मशीनवर उघडे असतील तर दोन कुलपांच्या किल्ल्या एकाच खिळ्याला टांगल्यासारखे होते. लॅपटॉप नसेल तर घरातला जुना पण चालू फोन वापरा. सिम काढलेले असले तरी चालते.

बसवताना

आधी फोनची तारीख-वेळ स्वयंचलित करा. ॲप घ्या, त्याला बोट किंवा पिनचे कुलूप लावा. मग कॉम्प्युटरवर गूगल खात्यात ‘सिक्युरिटी’, तिथे ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ आणि त्यात ‘ऑथेंटिकेटर’ उघडा. पडद्यावर क्यूआर कोड येईल. इथे घाई करू नका. ‘नेक्स्ट’ दाबण्यापूर्वी हाच क्यूआर दुसऱ्या फोननेही स्कॅन करा. दोन्हींवर एकच कोड दिसला म्हणजे जमले. एन्टेसारखे स्वतःच सिंक होणारे ॲप असेल तर एकदाच स्कॅन करून लॅपटॉपवर तोच कोड उमटतो का ते पाहा.

त्याच पडद्यावर ‘स्कॅन होत नाही’ अशा अर्थाची ओळ असते. ती दाबली की ३२ चिन्हांची किल्ली अक्षरांत दिसते. ती वहीत लिहून कपाटात ठेवली तर सर्वांत स्वस्त बॅकअप झाला. लिहिताना लक्षात ठेवा: या किल्लीत ए ते झेड आणि २ ते ७ एवढेच येते. शून्य, १, ८, ९ कधीच नसतात. म्हणजे शून्य वाटले ते ओ, आठ वाटले ते बी, आणि एक वाटला तर तो आय किंवा एल. लहान-मोठ्या लिपीने फरक पडत नाही. क्यूआरचा फोटो काढू नका आणि स्वतःलाच व्हॉट्सॲप करू नका. तो गॅलरीतून क्लाउडवर जातो आणि तिथे राहतो.

मग बॅकअप कोड घ्या. गूगल आठ आकडी १० कोड देते, प्रत्येक एकदाच चालतो, आणि नवा संच काढला की जुना रद्द होतो. छापून घ्या आणि छापल्याची तारीख घाला, नाहीतर कपाटात दोन कागद सापडले की चालू कोणता ते कळत नाही. हे सगळे झाल्यावर आणि लॉगआउट करून एकदा पुन्हा आत शिरून पाहिल्यावर मगच दुसऱ्या पायरीतून एसएमएस काढा. एसएमएस तसाच राहिला तर पुढच्या दाराला नवे कुलूप आणि मागचे दार उघडे.

कोड चुकीचा येतो तेव्हा

बहुतेक वेळा घड्याळच कारण असते. साइट साधारण एखाद-दुसऱ्या पावलाची, म्हणजे अर्ध्या-एक मिनिटाची सूट देते, त्यापुढे नाही. तारवटींच्या बाबतीत हे हमखास होते. जहाजाची वेळ तासाने पुढे-मागे झाली की फोनचे घड्याळ हाताने फिरवले जाते. कोडचे गणित मात्र जागतिक वेळेवर चालते. टाइम झोन भारताचाच ठेवून घड्याळ एक तास पुढे नेले, तर फोन १२० पावले पुढचा कोड दाखवतो. वेळ बदलू नका, टाइम झोन बदला. घड्याळही बरोबर दिसेल आणि कोडही.

जुन्या डेस्कटॉपवर वीज गेली की तारीख काही वर्षे मागे जाते, आणि कोडबरोबर साइटही उघडेनाशा होतात. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो. सेल बदला, मग विंडोजच्या तारीख-वेळेच्या पानावर ‘सिंक नाऊ’ दाबा.

घड्याळ बरोबर असूनही कोड चालत नसेल तर ॲपमध्ये एकाच खात्याच्या दोन ओळी आहेत का पाहा. क्यूआर पुन्हा काढला की जुनी किल्ली मरते, ओळ मात्र तशीच राहते. एकेक कोड घालून पाहा, न चालणारी ओळ काढा. याच्या उलट चूक जास्त महागात पडते: ॲप डिलीट केले म्हणजे खात्यावरची कोडची अट निघत नाही. अट आधी साइटवर बंद करायची, ओळ नंतर काढायची.

धंद्यासाठी

होमस्टे, शॅक, बोटींच्या इन्स्टाग्राम खात्यावर मालक आणि मॅनेजर दोघांना कोड लागतो. एकाच वेळी दोन्ही फोनवर क्यूआर स्कॅन करा. पण सीझन संपून मॅनेजर गेला की नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. त्याच्या फोनमधली किल्ली चालूच असते. ऑथेंटिकेटर काढून नव्याने बसवा, बॅकअप कोडही नवे घ्या.

ई-वे बिलाला, म्हणजे माल पाठवताना ऑनलाइन काढायच्या जीएसटीच्या कागदाला, १ एप्रिल २०२५पासून सर्व व्यापाऱ्यांना लॉगिनची दुसरी पायरी आवश्यक आहे. त्यासाठी एनआयसी-जीएसटी-शील्ड हे वेगळे ॲप आहे, तेही इंटरनेटशिवाय कोड देते. ते ई-वे बिलाच्या पोर्टलवरूनच घ्या.

एक मर्यादा सांगणे आमचे कर्तव्य आहे. बनावट पानावर तुम्ही स्वतःच कोड टाकला तर ॲप तुम्हाला वाचवू शकत नाही. समोरचा तोच कोड त्याच ३० सेकंदांत खऱ्या साइटवर वापरतो. साइट पासकी (पासवर्ड-कोडऐवजी फोनच्या बोटाने किंवा पिनने उघडणारी किल्ली) देत असेल तर ती घ्या, कारण ती खोट्या पत्त्यावर उघडतच नाही. फोनवर कोड विचारणारा कुणीही असो, अगदी आमचे नाव सांगणारा असला तरी, फोन ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा.

चवथीच्या किंवा दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये जुना फोन देण्याआधी नव्या फोनवर प्रत्येक खात्याचा कोड चालतो का ते पाहा, तोवर जुना फोन रीसेट करू नका. आमच्याकडे फोन बदलायला येताना जुना फोन चार्ज करून, स्क्रीन फुटलेली असली तरी, आणि बॅकअप कोडचा कागद घेऊन या. किल्ली आणि पिन तुम्हीच टाकायचे; आम्ही शेजारी उभे राहून सांगू.