थंडीतला गडावरचा मुक्काम

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सह्याद्रीतल्या गडांवर, पठारांवर किंवा धरणाकाठी टेंट लावून, नाहीतर गुहेत-देवळात रात्र काढणं, याला ट्रेकर मंडळी नुसतं 'मुक्काम' म्हणतात. हरिश्चंद्रगड (१४२४ मीटर), रतनगड, भंडारदरा या नेहमीच्या जागा. इकडे बर्फ पडत नाही म्हणून लोक थंडीला हलक्यात घेतात आणि मग रात्री तीनला विझलेल्या शेकोटीभोवती कुडकुडत बसतात.

जागा निवडतानाच निम्मं काम होतं. आकाश निरभ्र असलं की जमिनीतली ऊब रात्रभर निघून जाते आणि गार हवा जड असल्यामुळे खोलगट भागात साचते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात आणि गावात मात्र तेवढा कडाका नसतो, तो याच कारणाने. म्हणून अगदी पाण्याच्या काठाला टेंट नको, आणि हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्यासारख्या कड्याच्या तोंडाशी तर नकोच, तिथे वारा झोपू देत नाही. जरा उंचावर, झाडीच्या किंवा जोत्याच्या आडोशाला बरं पडतं.

खरी थंडी खालून येते, हे पहिल्या मुक्कामाला कुणालाच पटत नाही. स्लीपिंग बॅग कितीही महाग घ्या, अंगाखाली ती दबते, आतली हवा निघून जाते आणि कातळ अंगातली ऊब ओढत राहतो. त्यामुळे आधी कॅरीमॅट (अंगाखाली अंथरायची फोमची चटई), ती नसेल तर पायथ्याच्या गावातून आणलेला भाताचा पेंढा, तोही नसेल तर रिकामी सॅक पाठीखाली. घोंगडी जड असते खरी, पण लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब धरते, कॉटन धरत नाही. चढताना घामेजलेला टीशर्ट म्हणूनच सूर्य मावळायच्या आत बदलायचा, आळस करायचा नाही. टेंट पूर्ण बंद केला तर आपल्याच श्वासाची वाफ आतल्या कापडावर जमते आणि पहाटे डोकं लागलं की गार थेंब थेट मानेत, तेव्हा चेन वरून चार बोटं उघडी ठेवावी. निखारे किंवा शेगडी टेंटमध्ये न्यायची नाही म्हणजे नाही, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

पाण्याचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. थंडीत तहान कमी लागते, पण तोंडातून निघणारी वाफ म्हणजे अंगातलं पाणीच की! शिवाय गारठ्यात कातडीकडचं रक्त आत ओढलं जातं आणि लघवी वाढते, आणि रात्री टेंटबाहेर जायचा कंटाळा म्हणून लोक पाणीच पीत नाहीत. सकाळी डोकं ठणकतं, लघवी गडद पिवळी होते आणि नाव मात्र थंडीचं. चढउताराच्या दिवशी तीनेक लिटर पोटात जायला हवं, त्यात सुंठ-गुळाचा चहाही धरा. दारूने गरम वाटतं पण कातडीकडे रक्त येऊन उलट ऊब जाते. हरिश्चंद्रगडावर देवळाजवळच्या टाक्यात पाणी मिळतं, ते उकळून घेतलेलं बरं. केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती कमरेएवढं बर्फगार पाणी असतं, त्यात उतरायची हौस असेल तर ऊन आल्यावर भागवा, संध्याकाळी नको.

झोपण्याआधी स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवायचं. तासभरात सगळं अंग गरम होतं आणि सकाळी तेच कोमट पाणी प्यायला मिळतं. विकतच्या पाण्याच्या बाटलीत हे करू नका, गरम पाण्याने ती आकसते आणि मग स्लीपिंग बॅगच भिजते.

डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्रातून बरेच ग्रुप उत्तराखंडात सांक्री गावावरून केदारकांठा या बर्फाळ शिखरावर जातात. तिथे बाटलीतलं पाणीच गोठतं, आणि ते वरून गोठत येत असल्यामुळे बाटली उलटी ठेवतात, म्हणजे बर्फ बुडाशी राहतो आणि तोंड मोकळं. तहान लागली म्हणून बर्फ खाणारे असतात, पण तो वितळवायला अंगातलीच ऊब जाते, त्यापेक्षा स्टोव्हवर वितळवून, उकळून प्यावा.