गावाची स्वतःची फायबर लाईन: कनेक्शन घेण्याआधी एवढं वाचा

राम राम मंडळी. चोपडा-यावल पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याशी जी गावं आहेत तिथं आम्ही नेटसाठी फायबर, म्हणजे प्रकाशातून नेट नेणारी काचेच्या धाग्याची केबल, टाकून देतो आणि सांभाळतो. नवीन ग्राहक पहिलं हेच विचारतो, "भाऊ, ही कंपनी कोणाची?" तर लाईन कंपनीची नाहीच, तुमची आहे. केबल, खांब, पंचायतीच्या खोलीतलं मशीन, सगळं गावाच्या सोसायटीच्या मालकीचं, आणि सभासदाला मत एकच, शेअर एक घेतला काय नि दहा घेतले काय. आम्ही कामावरचे ठेकेदार. काम पटलं नाही तर सोसायटीने आम्हाला काढून दुसरा माणूस ठेवावा, केबल तिथंच राहते, तुमचं नेट चालू राहतं. करारात तसं लिहिलंय, सही करण्याआधी बघून घ्या.

आता गावाने हे कशाला करायचं? कारण मोठ्या कंपनीचा हिशोब आपल्याकडं बसत नाही. शहरात एक किलोमीटर केबल टाकली की शेकडो घरं लागतात, इकडं तेवढ्याच अंतरात मळ्यातली दोन-चार. सरकारने २०११ ला मंजूर केलेल्या योजनेतून, जिला आता भारतनेट म्हणतात, बऱ्याच ग्रामपंचायतींपर्यंत फायबर आलं, पण पंचायतीच्या भिंतीपासून तुमच्या ओट्यापर्यंत ते कोण आणणार हा प्रश्न तसाच राहिला, आणि पोरगं ऑनलाईन फॉर्म भरायला अजून गच्चीवर चढतंय. इंग्लंडात लँकेशायरच्या खेड्यांनी याच अडचणीतून २०११ मध्ये स्वतःची संस्था काढली, लोकांनी शेअर घेतले, शेतकऱ्यांनी वावरातून फुकट वाट दिली, स्वतः चाऱ्या खोदल्या आणि घराघरात १ गिगाबिटचं नेट नेलं. स्पेनमध्ये कॅटालोनियात २००४ पासून असंच लोकांचं नेटवर्क उभं आहे. आणि एवढं लांब कशाला, आपल्या साक्रीकडं पांझरेवरची फड पद्धत बघा ना, बंधारा सगळ्यांचा, पाणी वाटायला पाटकरी गावाने ठेवलेला, शेकडो वर्षं चाललंय. आपल्या नेटवर्कमधे आम्ही तो पाटकरी आहोत.

स्पीडचं स्पष्ट सांगतो. एका फायबरवर सेकंदाला साधारण २.५ गिगाबिट, म्हणजे २५०० एमबीपीएस येतं आणि ते स्प्लिटरने, म्हणजे एका धाग्यातला प्रकाश अनेक धाग्यांत वाटणाऱ्या डबीने, ३२ घरांत वाटलं जातं. म्हणजे ३२ च्या ३२ घरांनी एकाच सेकंदाला पूर्ण जोर लावला तरी घरटी ७८ एमबीपीएसच्या आसपास पडतं, पण असं जवळजवळ कधी होत नाही म्हणून १०० चा प्लॅन देता येतो. रात्री हळू वाटलं तर बऱ्याचदा खरी अडचण पुढं असते, सोसायटी बाहेरून घाऊक बँडविड्थ, म्हणजे सगळ्या गावासाठी मिळून नेट, किती घेते तिथं, आणि ती वाढवायची का हे तुम्हीच मीटिंगमधे ठरवायचं. अजून एक, १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी डाउनलोड, १०० एमबी नाही. यावरून फार भांडणं होतात.

"टॉवरवरून वायरलेस द्या ना, स्वस्त पडेल" असं बरेच जण म्हणतात. डोंगरावरच्या पाड्यांना आम्ही देतोच, त्याला लागणाऱ्या ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींना लायसन लागत नाही, पण डिशला समोरची डिश दिसली पाहिजे. केळीच्या पट्ट्यात हे जमत नाही, लागवडीला लिंक मस्त चालते आणि बाग वर आली की पानातलं पाणी सिग्नल पिऊन टाकतं. म्हणून मळ्यात फायबरच घ्या, थोडं थांबावं लागलं तरी.

नेट सोसायटी स्वतः तयार करत नाही, लायसनवाल्या आयएसपीकडून, म्हणजे नेट पुरवणाऱ्या कंपनीकडून घेते. घरगुती कनेक्शनवरून कोणी गल्लीभर वायर ओढून पैसे घेत असेल तर ते बेकायदा आहे, त्यात पडू नका. हां, दुकानावर लोकांसाठी वायफाय लावायचं असेल तर २०२० च्या पीएम-वाणी योजनेत किराणावाल्यालाही लायसन लागत नाही, आम्हाला विचारा, बसवून देऊ.

महिन्याच्या पैशातून आधी बँडविड्थ, मग लाईटबिल आणि आमची देखभाल, आणि जे उरतं ते गावाबाहेर जात नाही, बॅटऱ्या आणि पुढच्या वस्तीची केबल यालाच लागतं. हिशोब दर महिन्याला पंचायतीच्या बोर्डावर लावतो.

बिघाडाचं म्हणाल तर घरातल्या फायबरच्या मशीनवर लाल लाईट लुकलुकली की समजायचं प्रकाशच घरापर्यंत येत नाहीये, बंद-चालू करून उपयोग नाही, फोन करा. बहुतेक वेळा कुठंतरी जेसीबीने केबल तोडलेली असते. तुटलेल्या टोकात डोळा लावून बघू नका, लहान पोरांनाही सांगा, तो लेझर डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो. लाईट गेल्यावरही नेट पाहिजे तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस बसवा, राउटर आणि मशीन दोन्ही चालतात का ते घेताना बघा.

कनेक्शन पाहिजे असेल तर आधारची झेरॉक्स आणि शेअरचा फॉर्म सोसायटीत द्या. केबल दुसऱ्याच्या बांधावरून येणार असेल तर त्या आप्पांना-नानांना आधी तुम्ही स्वतः जाऊन विचारा, मग आम्ही मोजायला येतो. रेटचा कागद सोबत जोडलाय.