बापालाही घोड्यावरून उतरवणारी मोळी

इ.स.पू. २१३. रोमचं कार्थेजच्या हॅनिबलशी युद्ध चाललेलं. सुएसुलाच्या छावणीत म्हातारा फाबियस मॅक्सिमस घोड्यावरून येत होता, आणि त्या वर्षीचा कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, असलेला त्याचा मुलगा त्याला सामोरा गेला. मुलाच्या पुढे एका रांगेत १२ लिक्टर, म्हणजे त्याचे भालदार-चोपदार. चार वेळा कॉन्सल झालेल्या माणसाला ‘उतरा’ म्हणायचं कुणी? अकरा जणांनी त्याला तसंच जाऊ दिलं. मग मुलाने अगदी जवळच्या लिक्टरला हुकूम सोडला. म्हातारा उतरला आणि म्हणाला, आपण कॉन्सल आहोत हे तुला कळतं का, तेवढंच बघायचं होतं. हा प्रसंग इतिहासकार लिव्हीने नोंदवला आहे.

या लिक्टरांच्या खांद्यावरची वस्तू मात्र नुसती शोभेची नव्हती. ती होती एल्म किंवा बर्चच्या छड्यांची, लाल वादीने आवळलेली मोळी: फासेस. तिच्यात कुऱ्हाड खोचलेली. छड्या फटके मारायला, कुऱ्हाड मुंडकं उडवायला. शिक्षेची हत्यारंच मिरवत न्यायची! ही रीत बहुधा रोमच्या शेजारच्या एट्रुस्कन लोकांकडून आली. त्यांच्या वेटुलोनिया शहरातल्या एका थडग्यात इ.स.पू. सातव्या शतकातली लोखंडी छोटी मोळी सापडली आहे.

मला मात्र मोळीपेक्षा तिच्यावरचे निर्बंध जास्त बोलके वाटतात. रोम शहराची पवित्र हद्द ओलांडून आत येताना कुऱ्हाड काढून ठेवावी लागे, कारण शहरात नागरिकाला मृत्युदंडाविरुद्ध लोकांकडे दाद मागता येत असे. जनसभेपुढे मोळ्या खाली झुकवल्या जात. कॉन्सल दोन, आणि शहरात असताना मोळ्यांचा मान एकेक महिना आलटून पालटून. अडीअडचणीला सहा महिन्यांपुरता नेमलेला डिक्टेटर मात्र २४ लिक्टर घेऊन फिरे, आणि शहरातही त्याच्या कुऱ्हाडी जागेवरच असत.

पदाची दुसरी खूण अंगावरची. टोग्याला, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या रोमन वस्त्राला, जांभळा काठ. हा रंग समुद्री गोगलगाईच्या एका ग्रंथीतून निघे. ग्रंथीतला फिकट रस हवेत नि उन्हात हिरवा, निळा होत जांभळ्यावर येतो. वास मात्र नाक धरायला लावणारा. १९०९ साली पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १२,००० गोगलगाई खर्ची घालून रंग मिळवला अवघा १.४ ग्रॅम. त्याची रचना तपासली, तर ती आपल्या ओळखीच्या निळीचीच निघाली. रेणूत फक्त दोन ब्रोमीन अणू जास्त! गंमत म्हणजे असाच काठ स्वतंत्र घरातल्या लहान मुलांच्या टोग्यालाही असे.

तिसरी खूण खुर्ची. घडीची, फुलीसारख्या वाकड्या पायांची, हस्तिदंताने मढवलेली. तिला पाठ नाही. कॉन्सल, न्यायनिवाडा करणारे प्रेटर, शहराचा कारभार पाहणाऱ्या ईडाइलांपैकी वरच्या दर्जाचे, अशा बड्या अधिकाऱ्यांनाच ती. इ.स.पू. ३०४ मध्ये ग्नेयस फ्लावियस ईडाइल झाला. त्याचा बाप मुक्त झालेला गुलाम. तो एकदा आजारी सहकाऱ्याला भेटायला गेला, तर तिथे बसलेली खानदानी पोरं जागची हललीच नाहीत. फ्लावियसने आपली खुर्ची तिथेच मागवली आणि तिच्यावर बसून त्यांच्याकडे पाहत राहिला.

प्लेब्जच्या, म्हणजे सामान्य जनतेच्या, प्रतिनिधीकडे, ट्रिब्यूनकडे, यातलं काहीच नव्हतं. लिक्टर नाहीत, जांभळा काठ नाही, बसायला साधा बाक. तरी त्याच्या एका ‘नाही’वर कॉन्सलचा हुकूम अडे.

या वस्तू पदाच्या होत्या, म्हणून राग काढायचा तर तोही त्यांच्यावरच निघे. इ.स.पू. ५९ मध्ये सीझरच्या समर्थकांनी कॉन्सल बिबुलसच्या डोक्यावर शेणाची पाटी उपडी केली आणि त्याच्या लिक्टरांच्या मोळ्या मोडल्या. त्याआधी, इ.स.पू. ६७ मध्ये, कॉन्सल ग्लाब्रियो समोरून गेला तेव्हा प्रेटर लुकुलस उठून उभा राहिला नाही. ग्लाब्रियोने त्याची खुर्चीच फोडून टाकवली. लुकुलसने तक्रार केली नाही. त्यानंतर तो आणि त्याच्यासाठी त्याचे सहकारी प्रेटर उभ्यानेच निवाडे देऊ लागले.