पर्णनिदान : घरातील कुंडीझाडांचे (कोकण किनारा)

घरात, ओटीवर किंवा पडवीत कुंडीत वाढवलेल्या झाडाला काय झाले आहे, हे त्याच्या पानांवरून ओळखण्याची पद्धत. कोकणात मनी प्लांट, अरेका पाम, सिंगोनियम, क्रोटन, स्नेक प्लांट अशी झाडे घरोघर असतात. पान बिघडलेले दिसले, तरी दुखणे पुष्कळदा मुळांत असते. म्हणून पहिली तपासणी मातीची.

बोट दोन पेरे मातीत खुपसावे. माती कोरडी आणि पान लुळे असेल, तर झाड तहानलेले आहे. माती ओली असूनही पान मान टाकत असेल, तर मुळे कुजत आहेत. पाण्याने गच्च मातीत हवा उरत नाही, मुळे गुदमरतात आणि त्यांना पाणी शोषता येत नाही. अशा झाडाला कीव येऊन आणखी पाणी घातले की ते हमखास जाते. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते, की सावलीतली कुंडी आठवडाभरही वाळत नाही. झाड कुंडीतून काढून पाहावे. निरोगी मूळ पांढरट व टणक असते. कुजलेले तपकिरी, बुळबुळीत असते, त्याला कुबट वास येतो आणि ओढल्यास साल निघून आत नुसता दोरा उरतो. असा भाग स्वच्छ कात्रीने कापावा. नंतर 2 भाग माती, 1 भाग कंपोस्ट आणि 1 भाग नदीची जाडी रेती या मिश्रणात झाड लावावे. किनाऱ्यावरची वाळू वापरू नये, तिच्यात मीठ असते. नवे पान फुटेपर्यंत खत बंद.

पिवळेपणात पान जुने की कोवळे, हे पाहणे महत्त्वाचे. नत्र व मॅग्नेशियम कमी पडले, की झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्यांना देते. म्हणून नत्र कमी असल्यास खालची पाने सबंध पिवळी पडतात. मॅग्नेशियम कमी असल्यास त्यांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. लोह असे हलत नाही, त्यामुळे हीच जाळी कोवळ्या पानांवर उमटते. जांभ्याच्या तांबड्या मातीत लोह मुबलक असते. तेव्हा तिथे ही खूण दिसल्यास लोहखत घालण्याआधी मुळे तपासावीत. अधूनमधून तळाचे एखादेच पान पिवळे पडणे म्हणजे नुसते वय.

शेंडे व कडा करपून तपकिरी होणे ही बहुधा मिठाची खूण. खाडीजवळच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. खारा वारा आणि न धुतलेला काथ्याचा भुसाही मीठ आणतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला, तर कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट गोडे पाणी सावकाश ओतून तळातून पूर्ण निथळू द्यावे. पागोळ्यांचे साठवलेले पाणी यासाठी उत्तम. भुसा वापरण्यापूर्वी दोन-तीनदा पाणी बदलून भिजवावा.

पान चिकट आणि देठाशी मुंग्या दिसल्यास पाठ उलटावी. कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. उन्हाळ्यात बारीक फिकट ठिपके पडले, तर पांढऱ्या कागदावर पान झटकावे. कागदावर पडलेले कण चालू लागले, तर ती लाल कोळी ही कीड. दोन्हींवर 1 लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल व 1 मिली द्रवसाबण मिसळून, आधी एका पानावर चाचणी घेऊन, संध्याकाळी पानांच्या पाठीवर फवारावे. दर 7 दिवसांनी, तीनदा.

पिवळ्या कड्याचे, पसरत जाणारे तपकिरी डाग बुरशीचे किंवा जिवाणूंचे. ते पान काढून टाकावे आणि कुंड्यांत अंतर ठेवावे. पावसाळी सकाळी मनी प्लांटच्या शेंड्याला लोंबणारा पाण्याचा थेंब मात्र रोग नव्हे. रात्री मुळांनी ओढलेले जास्तीचे पाणी पान असे बाहेर टाकते.