पराणीची आर आणि 100 रुपये

बैलांच्या शर्यतीत वापरल्या जाणाऱ्या साधनांवर शिक्षा काय, हा प्रश्न गोव्यात निघाला की चर्चा पाच मिनिटांत धिरयोवर, म्हणजे बैलांच्या झुंजीवर घसरते. धिरयोत जू नाही, कासरा नाही, चाबूकही नाही. झुंज लावणे आणि गाडी पळवणे हे दोन वेगळे गुन्हे आहेत. इथे गाडीचेच बोलू.

पेडण्याकडच्या जुन्या घरांत वळचणीला खोचलेली पराणी, म्हणजे बैल हाकायची काठी, अजून दिसते. टोकाला आर, म्हणजे ठोकून बसवलेला बारीक खिळा. नांगरताना बैल अडला की तिचा नुसता स्पर्श पुरे. शर्यतीच्या छकड्यावर मात्र स्पर्शावर कोणी थांबत नाही.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा मूळ कायदा 1960 चा. ओढकाम करणाऱ्या आणि ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी त्याखाली 1965 मध्ये नियम झाले. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन गाडी जुंपू नये, हे त्यातलेच. त्याच नियमांत खिळे लावलेली काठी, काटेरी लगाम, खिळे किंवा गाठी असलेले जू यांना मनाई आहे. पुढे ‘किंवा इजा, सूज, तीव्र वेदना करणारे वा करण्याची शक्यता असलेले दुसरे कोणतेही धारदार साधन’ असे शेपूट जोडले आहे.

घोळ या शेपटात आहे. इजेची अट सगळ्याच वस्तूंना लागू, की फक्त शेवटच्या ‘दुसऱ्या साधना’ला? पहिला अर्थ घेतला तर बैलाच्या अंगावर जखम शोधत बसावे लागते, आणि शर्यत संपल्यावर बैल कुठल्या गावाला गेला हे सांगायला कोणी उभे राहत नाही. माझ्या मते दुसरा अर्थ सरळ आहे: आर लावलेली पराणी चालवली की गुन्हा झाला.

चाबूक या यादीत सहज बसत नाही, कारण तो धारदार नाही. तो जातो मारहाणीच्या कलमाखाली, आणि तिथे पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये, कैद नाही. उलट नियम मोडल्यास 100 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तेही मोडणाऱ्याला आणि मोडायला लावणाऱ्याला. म्हणजे फटक्यांनी पाठ सोलून काढणारा स्वस्तात सुटतो आणि आर टोचणाऱ्याला कोठडी दिसू शकते. असे ठरवून कोणी केले असेल असे वाटत नाही.

पुढचा इतिहास साधनांचा नाही, बंदीचा आहे. 1996 च्या डिसेंबरात गोव्यातल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने धिरयो बंद पाडली. 2011 मध्ये केंद्राच्या अधिसूचनेने प्रदर्शनासाठी मनाई असलेल्या प्राण्यांत बैल आला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 7 मे 2014 च्या निकालाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही थांबल्या. शर्यतच बेकायदा ठरल्यावर ती कोणत्या साधनांनी खेळावी हा प्रश्न कागदावरून गेला, मैदानावरून नाही.

महाराष्ट्राने 2017 मध्ये स्वतःपुरती दुरुस्ती केली. धाव जास्तीत जास्त 1000 मीटर; काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका देणारे यंत्र यांना मनाई; अटी मोडल्यास 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. न्यायालयीन स्थगितीमुळे शर्यती प्रत्यक्षात सुरू झाल्या त्या 16 डिसेंबर 2021 च्या आदेशानंतर. 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कायदे वैध ठरवले. गोव्याचे नाव त्यात नाही, कारण गोव्याने अशी दुरुस्तीच केली नव्हती.

त्यामुळे पत्रादेवीचा नाका ओलांडून महाराष्ट्रातल्या बांद्याकडे गेले की शर्यतीत वापरलेल्या त्याच पराणीची किंमत 100 रुपयांवरून 5 लाखांवर जाते. बंदी असलेल्या बाजूला दंड फुटकळ आणि परवानगी असलेल्या बाजूला जबर, हे ऐकायला विचित्र वाटते. पण अर्ज, अटी आणि पशुवैद्य हे सगळे परवानगीबरोबरच येते. लपूनछपून पहाटे पळवलेल्या गाडीची पराणी तपासायला कोण जाणार?

2025 च्या पावसाळी अधिवेशनात धिरयोला कायदेशीर मान्यता द्या, अशी मागणी गोवा विधानसभेत सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाकांवरून झाली. 1965 च्या त्या शेपटाबद्दल, चाबकाच्या 50 रुपयांबद्दल अशी ओरड कोणी केली नाही. चाबकाला मतदारसंघ नसतो.