बाजारपेठ कोणती? अमेरिकी संगीत रेडिओच्या घसरणीची पार्श्वभूमी

अमेरिकेतला गाण्यांचा रेडिओ इंटरनेटने बुडवला, असं सर्रास लिहिलं जातं. तारखा लावून पाहिल्या तर हिशेब जुळत नाही. तिथली शहरोशहरीची स्टेशनं एकाच सुरात वाजू लागली ती १९९६ नंतरच्या पाच-सहा वर्षांत. आयपॉड बाजारात आला तोवर २००१ सरत आलं होतं.

त्याआधीचा रेडिओ सोवळा होता असं नाही. पैसे घेऊन गाणी वाजवण्याच्या 'पेओला' प्रकरणावरून १९६० मध्ये कायदा बदलावा लागला. (पैसे घेणं हा गुन्हा नव्हताच. ते श्रोत्यांना न सांगणं हा गुन्हा.) मालकीला मात्र चाप होता. १९५३ पासून एका मालकाला देशभरात ७ एएम आणि ७ एफएम, १९८० च्या दशकात १२-१२. १९९२ मध्ये निम्म्याहून जास्त स्टेशनं तोट्यात असल्याचं कारण देऊन ही मर्यादा १८-१८ झाली आणि एकाच शहरात एकाच प्रकारची (दोन्ही एएम किंवा दोन्ही एफएम) दोन स्टेशनं घेण्याचीही मुभा मिळाली. त्या तोट्यामागे आदल्या दशकात खिरापतीसारखे वाटलेले एफएम परवानेही होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

८ फेब्रुवारी १९९६ ला सही झालेला कायदा मुख्यतः टेलिफोन आणि केबलसाठी होता. त्यातल्या एका कलमाने रेडिओची देशव्यापी मर्यादा काढूनच टाकली. क्लिअर चॅनल ही चाळीसएक स्टेशनांची कंपनी २००२ पर्यंत बाराशेच्या वर गेली. स्थानिक मर्यादा राहिली: बाजारपेठेत ४५ किंवा अधिक स्टेशनं असतील तर एका मालकाला ८, त्यातली एका प्रकारची ५, बाजारपेठ लहान तशी संख्या कमी.

पण बाजारपेठ म्हणजे काय? खरी मेख इथे आहे. एफसीसी या सरकारी नियामकाने शहराची हद्द धरली नाही, प्रसारणाची वर्तुळं धरली, म्हणजे स्टेशन जिथवर नीट ऐकू येतं तो परिसर. मालकाच्या ज्या स्टेशनांची वर्तुळं एकमेकांवर पडतात, तेवढीच त्याच्या नावावर. त्यांतल्या कुठल्याही एकाच्या वर्तुळाला जे जे स्टेशन शिवतं, ते ते मात्र बाजारपेठेत. त्यामुळे एका ताकदवान एफएममुळे दूरदूरची स्टेशनं एकूण आकड्यात यायची. त्याच मालकाचं थोडं लांबचं स्टेशनही एकूण संख्या फुगवायचं, पण त्याच्या वाट्यात धरलं जायचं नाही! अंश आणि छेद वेगवेगळ्या मापांनी मोजण्याचा हा प्रकार नजरचुकीने झाला, यावर विश्वास ठेवणं मला जड जातं.

नॉर्थ डकोटातल्या मायनॉटमध्ये सहाच्या सहा व्यावसायिक स्टेशनं एकट्या क्लिअर चॅनलकडे गेली, ती याच मोजणीमुळे. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर तिथे मालगाडी घसरून अमोनिया पसरला. एक जण दगावला, शेकडो लोकांना त्रास झाला. स्टेशनात फोन कोणी उचलला नाही, असं पोलीस म्हणाले. इशाऱ्याची यंत्रणा पोलिसांनीच नीट वापरली नाही, असं कंपनी म्हणाली. दोन्हींत तथ्य असू शकतं. पण रेडिओ म्हणजे सगळं आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेलं, हे त्या रात्रीमुळे देशभर बोललं गेलं. दुसऱ्या राज्यातला निवेदक गावाचं हवामान आणि रस्त्यांची नावं कागदावरून वाचायचा, चार तासांचा कार्यक्रम तासाभरात उरकायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, हा आपल्याच गल्लीतला. विश्वासातल्या माणसाने फसवावं तशी ही फसवणूक होती. कायद्याने मात्र तिला नाव दिलं नाही.

२००३ मध्ये नियामकाने वर्तुळं सोडली आणि श्रोते मोजणाऱ्या कंपनीने आखलेल्या बाजारपेठा स्वीकारल्या. न्यायालयीन स्थगितीनंतर ती व्याख्या २००४ मध्ये लागू झाली. जुन्या मोजणीवर जमवलेली स्टेशनं मात्र विकेपर्यंत मालकाकडेच राहिली.

पुढची पडझड कर्जाची. सर्वांत मोठी कंपनी, म्हणजे तीच क्लिअर चॅनल, २००८ मध्ये कर्ज काढून विकत घेतली गेली, आणि ते कर्ज कंपनीच्याच डोक्यावर बसलं. मार्च २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा बोजा २० अब्ज डॉलरच्या आसपास होता. मधल्या दहा वर्षांत निवेदक, संगीत निवडणारे आणि बातमीदार कमी होत गेले.

आठाची मर्यादा सैल करा, अशी मागणी व्यावसायिक स्टेशनांची संघटना गेली काही वर्षं करते आहे. १९९२ मध्ये कारण तोट्याचं होतं. आता ते इंटरनेटचं आहे.