उरलेल्या अडीच मिनिटांतली गाणी : सातारा-सांगलीकडच्या संग्रह-कॅसेटची पार्श्वभूमी

सातारा-सांगली पट्ट्यातल्या एका आख्ख्या पिढीला नवं संगीत भेटलं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच गाण्यासाठी घेतलेल्या कॅसेटमध्ये. हवं असायचं एक गाणं, आणि त्याच्यासोबत घरात यायची आणखी अकरा. त्या अकरांतलंच एखादं पुढे आयुष्यभर पुरायचं. हे टिपण मुख्यतः १९८० ते २००० या वीस वर्षांचं आहे. त्याआधीचं थोडक्यात, पुढचं गरजेपुरतं.

लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. त्यामुळे पडद्यावर तीन कडव्यांचं असलेलं गाणं तबकडीवर अनेकदा दोनच कडव्यांचं झालं, आणि पुढे कॅसेटवर, सीडीवर, मोबाइलवर तेच कापलेलं रूप आलं. तिसरं कडवं ऐकायचं तर चित्रपटच गाठावा लागतो. तबकडी घरात असणारे थोडे होते. बाकीच्यांसाठी होता यात्रेतल्या तंबू टॉकीजचा कर्णा. पुसेगाव, पाल, खरसुंडी अशा यात्रांत खेळ सुरू होण्याआधी तास-दीड तास गाणी लागायची, आणि ती लागलेल्या चित्रपटाचीच असतील असं नसायचं. रेडिओ सिलोनचा हिंदी कार्यक्रम पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपासून ऐकू येत होता. सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३ मध्ये सुरू झालं आणि मराठी भावगीत, नाट्यगीत, लोकगीत या भागात रोजचं झालं. रेडिओची अडचण एकच होती, आवडलेलं गाणं पुन्हा कधी लागेल ते आपल्या हातात नसायचं.

कॅसेटनं ते हातात दिलं. युरोपात १९६३ मध्ये आलेली ही वस्तू आपल्याकडे खऱ्या अर्थानं पसरली ती १९८० च्या आसपास, रेडिओ आणि टेप एकत्र असलेले टू-इन-वन घरोघरी आल्यावर. खानापूर, आटपाडी, विटा भागातली गलाई व्यवसायातली, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी कुटुंबं देशभर विखुरलेली. यात्रेला, दिवाळीला गावी येताना ती त्या-त्या मुलखातल्या कॅसेटही आणायची. तमिळ चित्रपटातली चाल आधी तिकडून आणि तिचंच हिंदी रूप नंतर मुंबईकडून कानावर पडण्याचा प्रकार त्यामुळे या दुष्काळी तालुक्यांत घडू शकला.

कॅसेटवर काय भेटणार हे आवडीनं ठरायच्या आधी लांबीनं ठरायचं. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पळते. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये ती साधारण ९० मीटर असते, म्हणजे बाजूला तीस मिनिटं. हिंदी चित्रपटात सहा-सात गाणी. पाच-साडेपाच मिनिटांची सहा गाणी धरली तर एक बाजू भरते आणि दुसरी रिकामी राहते. कंपन्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे दोन चित्रपटांची एक कॅसेट : ‘अ’ बाजूला चाललेला चित्रपट, ‘ब’ बाजूला त्याच कंपनीकडचा दुसरा, बहुधा न चाललेला. धंद्याच्या दृष्टीनं हा माल खपवायचा मार्ग होता. ऐकणाऱ्याच्या दृष्टीनं मात्र पडलेल्या चित्रपटांचं उत्तम संगीत जिवंत राहिलं ते या ‘ब’ बाजूमुळे. थिएटरात आठवडाभरही न टिकलेल्या चित्रपटांची गाणी आजही इथे लोकांना तोंडपाठ आहेत, याचं दुसरं कारण शोधायची गरज नाही. पार्श्वसंगीत मात्र या सगळ्यातून गळलं. आपल्याकडे चित्रपटाचं संगीत म्हणजे गाणी. श्रेयनामावलीचं किंवा एखाद्या प्रसंगाचं वाद्यसंगीत कॅसेटवर आलं ते क्वचितच.

कंपनीच्या कॅसेटइतकीच, किंबहुना जास्त महत्त्वाची होती ती भरून घेतलेली कॅसेट. तालुक्याच्या गावी बाजारपेठेत एखादं तरी ‘भरून देणारं’ दुकान असायचंच. गिऱ्हाईक कागदावर यादी द्यायचं, कोरी कॅसेट स्वतःची किंवा दुकानातली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घेऊन जायचं. दुकानदाराकडे डबल डेक (एका कॅसेटवरून दुसरी भरणारं यंत्र), तबकडी वाजवायला एक टर्नटेबल आणि गाण्यांची वही.

इथेही हिशेब मिनिटांचाच. जुन्या गाण्याची सरासरी लांबी तीन मिनिटं वीस सेकंद. नऊ गाण्यांची बरोबर तीस मिनिटं होतात. पण दोन गाण्यांत तीन-चार सेकंदांची मोकळी जागा सोडावीच लागते, कारण ती नसेल तर गाणी एकमेकांत घुसल्यासारखी वाटतात आणि पुढचं गाणं आपोआप शोधणाऱ्या डेकला ते सापडत नाही. त्यात फितीच्या सुरुवातीला जोडलेला कोरा पट्टा पाच-सहा सेकंद खातो. तो पुढे सरकवून घेतला नाही तर पहिल्या गाण्याचा पहिला शब्दच गायब. थोडक्यात नवव्या गाण्याचा शेवट तुटतो. सराईत भरणारा म्हणून आठच गाणी घ्यायचा आणि उरलेल्या अडीच-पावणेतीन मिनिटांत स्वतःच्या पसंतीचं काहीतरी टाकायचा : नाट्यपदाचा तुकडा, छोटं भावगीत, लावणी, सतारी बनवणाऱ्या मिरजेकडच्या माणसाला जवळची वाटणारी सतारीची धून. यादीत नसलेलं हे एक गाणं हीच या सगळ्या व्यवहारातली खरी देणगी होती. त्यामागे वीस वर्षं हजारो गाणी ऐकलेला कान असायचा, आणि समोरच्याला काय रुचेल हे तो यादीवरून ओळखायचा.

बिघाड ठरलेले होते. मूळ तबकडीवरून भरलेली कॅसेट ठीक, पण कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक असं झालं की दर प्रतीगणिक खरखर वाढते आणि झांज, घुंगरू, ‘स’चा उच्चार बोथट होतो. हेड, म्हणजे फितीवरचा आवाज भरणारा-वाचणारा भाग, किंचित तिरकं असेल तर त्याच यंत्रावर सगळं नीट वाजतं आणि दुसऱ्या यंत्रावर रजईखालून आल्यासारखं. रबरी पट्टा सैल झाला की भरताना फीत हळू पळते, आणि मग धड यंत्रावर तेच गाणं अर्ध्या सुरानं चढं ऐकू येतं. मूळ पट्टी कोणती हे न कळल्यानं पेटीवर बसणाऱ्या कित्येकांची पंचाईत झाली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत पातळ, सुमारे १२ मायक्रॉनची, साठवाली १६ ते १८ मायक्रॉनची. वडापच्या, म्हणजे गावोगावी प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी जीपमध्ये डॅशबोर्डवर उन्हात पडलेली नव्वदवाली हमखास गुंतायची, म्हणून चालक साठवालीच मागायचे. वडापचा डेक ही त्या काळातली फार मोठी गोष्ट होती. कराड-पाटण, विटा-आटपाडी, वाई-महाबळेश्वर अशा रस्त्यांवर दाटीनं बसलेल्या माणसांना चालकाची निवड ऐकण्यावाचून पर्याय नव्हता.

भरून देण्याचा धंदा कायद्यात बसत नव्हता, हेही नोंदवायला हवं. १९८४ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट भंगाला किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद झाली. दुकानं तरीही चालली, कारण लोकांना हवी ती निवड कंपन्या बाजारात देत नव्हत्या.

आता ज्या गोष्टीवर अजूनही वाद होतात तिच्याकडे वळतो : व्हर्जन कॅसेट, म्हणजे जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतलेली कॅसेट.

जुन्या चित्रपटगीतांचा मोठा साठा कोलकात्याजवळ दमदमला कारखाना असलेल्या एकाच कंपनीच्या ताब्यात होता. मागणी प्रचंड, पुरवठा अपुरा, किंमत चढी. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२(१)(जे) मध्ये एक वाट होती : एखाद्या गाण्याचं ध्वनिमुद्रण हक्कदाराच्या संमतीनं एकदा झालेलं असेल, तर दुसऱ्या कुणालाही नोटीस देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून त्या गाण्याचं स्वतःचं, नवं ध्वनिमुद्रण काढता येईल. म्हणजे मूळ आवाजाची नक्कल-प्रत काढायची नाही. शब्द आणि चाल घेऊन नव्या गायकाकडून, नव्या वादकांकडून गाऊन-वाजवून घ्यायचं. दिल्लीकडच्या नव्या कंपन्यांनी या वाटेवरून मालगाड्या नेल्या. जुनी गाणी बरीच स्वस्त झाली, किराणा मालाच्या दुकानात, पानपट्टीवर मिळू लागली. नव्वदच्या दशकातल्या आघाडीच्या पार्श्वगायकांपैकी काहींचा हात याच कामावर बसला.

हे कलम वाईट होतं असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्यात संगीतकार-गीतकाराच्या हक्काला रॉयल्टी होती, आणि एका कंपनीच्या गोदामात अडकलेली गाणी त्यानं मोकळी केली. घोळ झाला तो वेष्टणावर. वर मूळ चित्रपटाचं नाव मोठ्या अक्षरांत, किंवा दिवंगत गायकाचा छापील फोटो आणि ‘आठवणी’ अशा अर्थाचं शीर्षक. प्रत्यक्ष गाणाऱ्याचं नाव आतल्या घडीत, बारीक टायपात. घेणारा घरी जाऊन वाजवायचा आणि हेच मूळ असं समजायचा. गावातल्या मुलानं पन्नासच्या दशकातलं गाणं पहिल्यांदा ऐकलं ते सिंथेसायझरवर, ऑक्टोपॅडच्या ठेक्यावर, आणि त्याच्यासाठी तेच मूळ ठरलं. पुढे कधी अस्सल ध्वनिमुद्रण कानावर आलं तर ते त्याला ‘खराब प्रिंट’ वाटायचं. ज्या पिढीला नवं संगीत संग्रहातूनच भेटत होतं, तिच्याशी हा व्यवहार प्रामाणिक नव्हता.

१९९५ मध्ये एका गाजलेल्या कौटुंबिक चित्रपटाच्या व्हर्जन कॅसेटवरून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाचा रोख वेष्टणावरच होता : मूळ कॅसेटसारखं शीर्षक आणि चित्र वापरायचं नाही, आणि हे मूळ ध्वनिमुद्रण नसून व्हर्जन आहे हे ठळक छापायचं. त्याच सुमारास, १० मे १९९५ पासून, १९९४ ची दुरुस्ती लागू झाली. मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर दोन वर्षं थांबायचं आणि फसवं वेष्टण वापरायचं नाही, या अटी कलमातच आल्या. २०१२ मध्ये हे उपकलम काढून कलम ३१-सी आलं : पाच वर्षं थांबा, माध्यम तेच ठेवा, प्रती काढाल त्या दर वर्षी किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी भरा, मूळ गायकाचं नाव किंवा छबी वेष्टणावर नको, आणि हे कव्हर आहे हे छापा. वेष्टणाच्या अटी योग्यच. किमान ५० हजार प्रतींची अट मात्र, त्या भाषेसाठी हा आकडा मुद्दाम खाली आणला नाही तर, सांगली-कोल्हापूरकडच्या छोट्या निर्मात्याला बाहेर ठेवणारी आहे. पाच हजार प्रती काढणाऱ्यानं पन्नास हजारांची रॉयल्टी कुठून भरायची? २०१२ च्या अटी आल्या तोवर कॅसेटच संपली होती, हा मुद्दा वेगळा.

व्हर्जन कानानं ओळखता येतं. जुन्या गाण्यात मधलं संगीत व्हायोलिनच्या ताफ्याचं असतं, व्हर्जनमध्ये तीच ओळ कीबोर्डवर येते. १९५० च्या दशकातलं गाणं स्वच्छ स्टिरिओत, ढोलक एका कानाला आणि बासरी दुसऱ्या कानाला असं ऐकू आलं, तर ते नंतर केलेलं आहे. कोरस तीन-चार आवाजांचा लागतो. सुरुवातीचं संगीत आखडतं घेतलेलं असतं. एवढ्यावर नव्वद टक्के निकाल लागतो. उरलेल्यासाठी लांबी ताडून पाहावी.

२००० नंतर एमपी-थ्री सीडी आली. १२८ केबीपीएस या तेव्हाच्या नेहमीच्या दर्जाला मिनिटाला साधारण एक एमबी, म्हणजे सातशे एमबीच्या सीडीत सव्वाशे ते दीडशे गाणी. लगोलग मेमरी कार्ड आलं, आणि मोबाइलच्या दुकानात ‘कार्ड भरून’ मिळू लागलं. ‘भरून’ हा शब्द जुनाच राहिला, काम मात्र बदललं. मिनिटांचा हिशेब संपला तशी निवडही संपली. दुकानदार फोल्डरच्या फोल्डर ओतायचा. फाइलींच्या नावात संकेतस्थळाचं नाव, संगीतकाराच्या जागी काहीच नाही. स्वस्त प्लेअर गाणी नावानं लावत नाही, ज्या क्रमानं कॉपी झाली त्या क्रमानं वाजवतो. म्हणून मुद्दाम लावलेला क्रम हवा असेल तर कार्ड फॉरमॅट करून एकेक फाइल क्रमानंच टाकावी लागते. उसाच्या ट्रॅक्टरवर हंगामभर तीच गाणी त्याच क्रमानं वाजण्याचं कारण हे. २०१६ च्या शेवटी डेटा स्वस्त झाला आणि कार्डही मागे पडलं. आता अ‍ॅपवर एकाच गाण्याची मूळ आणि व्हर्जन रूपं शेजारी-शेजारी असतात, एकाच छोट्या चित्राखाली.

जुन्या भरलेल्या कॅसेट अजून घरोघरी आहेत, पण कमी होत चालल्या आहेत. पाटण-जावळीच्या पावसात पांढरी बुरशी धरते. कृष्णाकाठच्या घरांत २००५ आणि २०१९ च्या महापुरात खोकीच्या खोकी गेली. पुरात भिजलेली कॅसेट ओली असताना वाजवू नये. पाच स्क्रूंची असेल तर उघडून रिळं काढावीत, गाळ डिस्टिल्ड वॉटरनं धुवावा, सावलीत पंख्यापासून दूर सुकवावीत आणि दुसऱ्या चांगल्या कवचात बसवावीत. कवच स्क्रूऐवजी चिकटवलेलं असेल तर कडेनं पातळ पातं घालून फोडावं लागतं, फीत मधल्या भागात असते तिकडे पातं नेऊ नये. वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा छोटा स्क्रू फिरवून सर्वांत उघडा आवाज येईल तिथे ठेवावा. संगणकावर घेताना बाजू सलग एकाच फाइलमध्ये, डब्ल्यूएव्ही स्वरूपात घ्यावी; गाणी तोडायची ती नंतर आणि वेगळ्या प्रतीवर, कारण शांतता पाहून आपोआप तोडणारं सॉफ्टवेअर आलापाआधीचा विराम म्हणजे गाण्याचा शेवट समजतं. आतल्या कागदावरची यादी दोन्ही बाजूंनी फोटो काढून सोबत ठेवावी आणि यादीत नसलेलं गाणं ‘यादीबाहेर’ अशी नोंद करून क्रमांकासह लिहावं. गाणं व्हर्जन असेल तर दोन रकाने करावेत, एकात मूळ गायक, दुसऱ्यात या ध्वनिमुद्रणात गाणारा. दुसऱ्याचं नाव आतल्या घडीत सापडतं, भिंग लागलं तरी.